गाडी कधी सुरू होते, कधी नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, आपली जीप गॅरेजात नेली की हमखास सुरू व्हायची. मेकॅनिक हसायचा, "बाई, तुम्हाला सेल्फ मारता येत नाही." मग एका रात्री मार खाल्लेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि जीप गप्प. ढकलली आम्हीच. दुसऱ्या दिवसापासून मी वही ठेवली: केव्हा अडली, इंजिन गार की गरम, आवाज कसला.

तुम्हीही करून बघा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल तर डिझेलकडे बघा. आमचे दिवे लख्ख, आणि नुसतं 'टक्'! मेकॅनिक म्हणाला, स्टार्टर बदला. एवढे पैसे कुठले? बॅटरी तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला धरलं आणि सेल्फ मारायला सांगितलं. अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. इथे दोनाच्या वर! इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलेली. हादऱ्यानं कधी चिकटायची, कधी सुटायची. घासून आवळली.

मेकॅनिकनं वही मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली.