बंद दारें आणि पुनरुत्थानाचा सण
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं देवळाच्या भिंतींचा इतिहास सांगण्याची चाल आहे. तो सांगणारे आमच्याहून जाणते पुष्कळ आहेत. आम्हांला आज दारांविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

संत योहान सांगतात कीं, पहिल्या ईस्टरच्या सायंकाळीं शिष्य भीतीनें दारें लावून बसले होते. कबर उघडी झाली होती, घर मात्र बंद होतें. प्रभु आले, पण त्यांनीं कोणाला बोल लाविला नाहीं. त्यांनीं शांति दिली व आपल्या जखमा दाखविल्या.

सन २०२० च्या ईस्टरला, १२ एप्रिल रोजीं, महामारीमुळें आमच्या देवळाचीं दारें बंद होतीं. तीं बंद असणें योग्यच होतें. पण आमच्या घराचें दार ज्या रीतीनें बंद होतें ती रीत योग्य नव्हती, हें आम्ही आज कबूल करतों. आमच्या आळींत एक वृद्ध गृहस्थ तापानें पडले होते. आम्ही खिडकीआडून त्यांच्यासाठीं जपमाळ म्हणत होतों. परंतु एकदांही हांक मारली नाहीं. रोज त्यांच्या उंबऱ्यावर पेजेचें भांडें ठेवून, दूर उभी राहून विचारपूस करणारी बाई आमच्या धर्माची नव्हती. मासळी विकून पोट भरणारी ती एक शेजारीण होती. सावधगिरी तिनेंही पाळली. माणुसकी सोडली नाहीं. आमची प्रार्थना खोटी नव्हती, पण ती दाराबाहेर पडली नाहीं.

अशा वेळीं फादर दामियन आठवतात. बेल्जममध्यें जन्मलेले हे धर्मगुरु सन १८७३ मध्यें मोलोकाई बेटावर गेले. हवाई राज्यांतील कुष्ठरोग्यांना सरकार तेथें धाडीत असे. फादरांनीं त्यांच्या जखमा बांधल्या, घरें उभारलीं, शवपेट्या स्वतःच्या हातांनीं केल्या. प्रवचनांत ते स्वतःस त्यांच्यांतलाच एक म्हणवीत. पुढें तो रोग त्यांनाही जडला. सन १८८९ च्या पवित्र सप्ताहांत, सोमवारीं, १५ एप्रिल रोजीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. ईस्टरला सहा दिवस उरले होते. सन २००९ मध्यें पोपमहाशय सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं त्यांना संत म्हणून घोषित केलें.

कोणी विचारील, चांगुलपणा आमच्या देवळाबाहेरही नांदतो, तर मग श्रद्धा कशाला हवी? आमचें उत्तर साधें आहे. तो चांगुलपणा कोणापासून येतो हें श्रद्धेमुळें आम्हांला ओळखतां येतें, आणि ओळखल्यावर आपलें दार लावून बसणें अशक्य होतें.

ते वृद्ध गृहस्थ बरे झाले. टाळेबंदी उठल्यावर आम्ही खालीं मान घालून त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. आंत बोलाविलें, शेजारीं बसविलें व चहा दिला. प्रभूनें शिष्यांना दिलेल्या शांतीचा अर्थ आम्हांला त्या ओटीवर कळला.

ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांत कोणाही दुखणाइताला हांकेवांचून दिवस काढावा लागूं नये, एवढेंच मागणें प्रभुचरणीं करून आम्ही आपली रजा घेतों.