दहशतीचा हिशेब

सांडोरकर बंधू-भगिनींनो, आणि पुढच्या रांगेतल्या माजी लोकप्रतिनिधींनो,

संमेलनाच्या अध्यक्षाने चार गोड शब्द बोलावेत आणि सगळ्यांना जेवायला मोकळे करावे, अशी आपली रीत आहे. आज ती मी मोडणार आहे.

1989 साली नालासोपारा रेल्वे स्थानकात एका बिल्डरचा गोळ्या घालून खून झाला. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालला. आपल्या वसई तालुक्यात जमिनीपायी काय काय घडते, ते तेव्हा साऱ्या देशाने वाचले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाद्रीचा झगा घालून रस्त्यावर उतरले आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. शेतकरी, कोळी, शिक्षक, घरातल्या बाया, सगळे मोर्चात होते. पुढाऱ्यांपैकी किती जण होते, हे तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आता कोणी पिस्तूल दाखवत नाही, म्हणून दहशत संपली असे समजू नका. शेजारच्या वाडीत रातोरात भराव पडतो. तक्रार करायला गेलेल्या माणसाचे नाव तो घरी पोचायच्या आत समोरच्याला कळलेले असते. मग तो सातबारा गुंडाळून ठेवतो आणि एक दिवस मिळेल त्या भावाला जमीन देऊन टाकतो. बावखले, म्हणजे वाड्यांतली पाणी साठवणारी तळी, बुजली, की पावसाचे पाणी घरात शिरते आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याचे पाय धरावे लागतात. केळी आणि पानवेल पिकवणाऱ्या घरातला मुलगा परदेशी जातो, तो केवळ पगारासाठी जात नाही. इथे वाद झाला तर आपल्या बाजूने कोणी उभे राहणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

आणि फसतात ते फक्त आपण गाववाले नव्हे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर 41 इमारती उठल्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. ती परप्रांतीय होती म्हणून आपल्यातल्या काहींना बरे वाटले. मला त्याची लाज वाटते. 2025 च्या ऑगस्टमध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून 17 माणसे गेली. त्यांना जात-प्रांत विचारून ढिगाऱ्याने मारले नाही.

एकेक मजला चढताना वॉर्डातल्या पुढाऱ्याला दिसत नव्हता? लग्नाला, बारशाला, मयताला हजर असणाऱ्या माणसाला सात मजली इमारत दिसत नाही, हे मी मानणार नाही. वीज आली, नळ आला, मते मागायला त्याच जिन्यावरून तुम्ही चढलात. 2020 नंतर पालिकेत प्रशासक होता, ही सबबही पुरणार नाही. 2009 साली चार नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून महापालिका झाली. त्यानंतर सभागृहात तुम्हीच होता, आणि बेकायदा बांधकामे तेव्हाही वाढतच होती.

म्हणून इथे बसलेल्यांकडे माझे मागणे आहे. आपापल्या वॉर्डातल्या अनधिकृत बांधकामांची यादी जागा, मालक आणि बिल्डर यांच्या नावांसह सही करून चर्चच्या आवारात आणि देवळाच्या पारावर लावा. तुमच्या नातेवाइकांचे बांधकाम असेल, तर ते नाव पहिले लिहा. तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याबरोबर पोलीस ठाण्यात स्वतः जा आणि नोंद होईपर्यंत तिथेच बसा. ज्यांना हे जमणार नाही, त्यांना पुढच्या संमेलनात व्यासपीठावर खुर्ची देऊ नये, असा ठराव मी आत्ता मांडतो. अनुमोदन कोण देणार, त्याने उभे राहावे.