इमारत कोणाची, दार कोणाचे?



जुन्या सरकारी इमारतीचा इतिहास म्हणजे गव्हर्नराचे आणि साहेब इंजिनिअराचे नाव सांगून मोकळे व्हायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला प्रश्न सुचतो तो असा, की तिचे दार कोणासाठी उघडे होते?

मुंबईचे जुने सचिवालय घ्या. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, मैदानाकडे तोंड करून, मोठमोठ्या इमारतींची रांग उभी राहिली. तीत कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७४ साली सचिवालय पुरे झाले. विल्किन्ससाहेबांचे नाव पुस्तकोपुस्तकी आहे. पोरबंदरी दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावे कोणी सांगत नाही.

त्याच रांगेत हायकोर्ट आहे. २२ जुलै १९०८ रोजी तेथे लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. निकाल आत लागला, उत्तर बाहेरून मिळाले. दाराबाहेर उभे राहिलेल्यांचाही इतिहास असतो, तो असा.

१९५५ साली कारभार नव्या सचिवालयात गेला. जुन्या वास्तूत आज दिवाणी व सत्र न्यायालय भरते. १९७५ साली नव्या इमारतीचे नाव मंत्रालय झाले. घर सचिवाचे नव्हे, लोकांनी निवडलेल्या मंत्र्याचे, हा त्यातला अर्थ. अर्थ चांगलाच आहे. परंतु पाटी बदलल्याने दार उघडत नाही. ते थोडेफार उघडले २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने. दहा रुपये भरून आतला कागद मागण्याचा हक्क साध्या माणसाला मिळाला.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली, फायलींचे ढीग जळाले. फाईल जळते तेव्हा नुसता कागद जळत नाही. कोणाच्या जमिनीचा, कोणाच्या पेन्शनीचा पुरावा जातो.

२०१८ साली युनेस्कोने जुन्या सचिवालयासह ही रांग जागतिक वारशात घेतली. दगड जपले जातील, आनंद आहे. आपला कागद मात्र आपणच जपायचा आहे. म्हणून सांगतो, अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या, तिच्यावर तारीख घालून घ्या, आणि शक्यतो एकट्याने जाऊ नका.