पहिल्या चिठ्ठीची जबाबदारी
(कडा येथील ग्रामीण वैद्यक व्यावसायिकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

प्रथेप्रमाणे अध्यक्षीय भाषणात वर्षाचा आढावा अपेक्षित असतो. त्यातले एवढेच नोंदवणे पुरेसे आहे, की अपस्माराच्या नेहमीच्या गोळ्या आता तालुक्याच्या गावीही मिळतात आणि त्या नियमित घेतल्यास बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात राहतात. औषध हाती असूनही ज्या प्रश्नापुढे वैद्यकव्यवसाय वर्षानुवर्षे मूग गिळून बसला आहे, तो प्रश्न मांडण्यासाठी उरलेला सर्व वेळ खर्च होणार आहे.

अपस्मार म्हणजे मेंदूतील विद्युत्‌क्रियेत अचानक बिघाड होऊन वारंवार झटके येण्याचा विकार. बोलीत त्यालाच फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणतात. विवाहाच्या अटींमध्ये असलेला या विकाराचा उल्लेख 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून वगळण्यात आला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये अपस्मार हा असाध्य रोग नाही व मनोविकारही नाही, असा निर्वाळा देऊन त्या कारणावरून मागितलेला घटस्फोट नाकारला. पुण्यात संवेदना फाउंडेशनने अपस्मार असलेल्यांसाठी विवाह मंडळ चालवून दाखवले. दवाखाना मात्र आहे तिथेच आहे. लग्न जमवताना मुलीची फिट लपवली जाते आणि ‘लग्न झाले की थांबेल’ असे सांगणाऱ्यांत शिकलेले डॉक्टरही असतात, ही शरमेची गोष्ट आहे.

या मौनाची किंमत गर्भाला मोजावी लागते. गर्भाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते, म्हणजे दिवस गेल्याची शंका येईपर्यंत निर्णायक काळ जवळजवळ सरलेला असतो. व्हॅल्प्रोएट हे सर्रास दिले जाणारे औषध या काळात चालू असल्यास दहातील सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि पुढे बौद्धिक वाढही खुंटू शकते. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटम यांच्या बाबतीत हा धोका पुष्कळच कमी असतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन यकृतातील विकरांना, म्हणजे औषधांचे विघटन करणाऱ्या द्रव्यांना, चेतवतात आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो. तांबी मात्र निर्धोकपणे काम करते. म्हणून औषधबदल, फॉलिक अॅसिड आणि पाळणा लांबवण्याची साधने यांचे बोलणे गर्भधारणेच्या आधीच व्हायला हवे. अशी तयारी झाल्यास नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना निरोगी बाळ होते, त्या अंगावर पाजू शकतात, आणि आईचा अपस्मार बाळात उतरण्याची शक्यताही थोडीच असते.

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की कोवळ्या वयात धोके सांगितल्यास मुली घाबरून गोळ्या सोडतील. या वादाचा निकाल प्रस्तुत अध्यक्षांच्या प्रदीर्घ व्यवसायातील एका उदाहरणाने लागतो. ऊसतोडीला जाणारी एक नवविवाहिता सासरी कळू नये म्हणून गोळ्या पाकिटातून काढून मिसरीच्या डबीत ठेवीत असे आणि पाण्याला जाताना घेत असे. दिवस गेल्यावर ‘औषध बाळाला बाधते’ हे शेजारणीकडून कानी आले, तिने गोळ्या एकदम बंद केल्या आणि फडात मोळी डोक्यावर असतानाच तिला मोठा झटका आला. भोवतालच्यांनी कांदा हुंगवला, ज्याचा काडीइतकाही उपयोग नसतो. तो गर्भ राहिला नाही. पुढे नवऱ्यासमोर सारे उघड बोलून, औषध सावकाश बदलून आणि फॉलिक अॅसिड आधीपासून देऊन तिचे दुसरे बाळंतपण रुग्णालयात सुखरूप झाले. तिने गोळ्या सोडल्या त्या डॉक्टरांनी काहीच न सांगितल्यामुळे. भीती माहितीने घातली नव्हती, मौनाने घातली होती. हे काम मज्जाविकारतज्ज्ञाचे आहे असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की कड्याच्या मुलीला तो तज्ज्ञ अहिल्यानगरला किंवा पुण्याला जाऊन गाठावा लागतो, आणि बहुतेकींच्या हाती पहिली चिठ्ठी गावच्या डॉक्टरचीच पडते.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने 1998 पासून केरळात अपस्मार असलेल्या स्त्रियांच्या गर्भारपणाची नोंदवही चालवली आणि तिच्यातून भारतीय मातांचे अनुभव जगापुढे आले. मराठवाड्यातही तसे काही उभे राहावे, फडावर जाणाऱ्या स्त्रीच्या हाती औषधांचे नाव व मात्रा लिहिलेले कार्ड असावे, आणि आशा कार्यकर्त्यांसाठी सोप्या भाषेतील पुस्तिका निघावी. यांचा आराखडा परिषदेच्या कार्यकारिणीने यथावकाश करावा. एका गोष्टीला मात्र समितीची वा निधीची गरज नाही. वयात आलेल्या मुलीला अपस्माराची पहिली गोळी लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने त्याच बैठकीत तिच्या लग्नाचे व मुलाबाळांचे बोलणे काढावे, आणि ते तिच्या आईबापांइतकेच तिच्याशीही बोलावे. एवढे ज्याच्याकडून होत नाही, त्याचे उपचार अर्धवटच राहतात, असे या अध्यक्षस्थानावरून स्पष्टपणे नमूद करण्यात येत आहे.