स्टेअरिंगचा दांडा: मजबुती कशाला म्हणायचं?

कोक्याला किंवा नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटवर पहाटे सफारीच्या जिप्सी रांगेत लागतात, तेव्हा पर्यटक टायर बघतात, सीट बघतात. चालकाच्या हातातलं चाक ज्या दांड्यानं खालच्या स्टेअरिंग बॉक्सला जोडलेलं असतं, त्याची चौकशी कुणी करत नाही. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीकडच्या ट्रकचंही तेच. गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्या दांड्यावर असतो, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलतो.

हा दांडा सरळ जात नाही. वाटेत इंजिन येतं, म्हणून त्याला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्या गॅरेजमधला ‘क्रॉस’, लावून वळवावं लागतं. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं अभ्यासलेल्या या जॉइंटचा एक स्वभाव आहे. ३० अंशांच्या कोनात एकच क्रॉस असेल, तर चाक एकसारखं फिरवलं तरी पुढचा दांडा कधी सुमारे १३ टक्के मंद, कधी १५ टक्के जलद फिरतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि दोघांचे काटे (योक) बरोबर जुळवून बसवले, की हा फरक नाहीसा होतो. काटे तिरके बसले तर वळणावर स्टेअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं लागतं. गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्सवर हात बसलेल्यांना, काटा कुठं बसेल ते ठरवणाऱ्या दांड्यावरच्या खाचांचं महत्त्व मी काय सांगावं!

स्टेअरिंगला ‘प्ले आलाय’, म्हणजे ते सैल लागतंय, म्हटलं की लगेच दांडा बदलायला निघू नका. एकानं चाक थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्यानं क्रॉसवर बोट ठेवावं. वरचा काटा हलला आणि खालचा क्षणभर थांबला, तर तो क्रॉस गेला. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर भुकटी दिसली, तर आतल्या बेअरिंगच्या सुया ग्रीसवाचून गंजल्या आहेत. दोन्ही काटे सोबत हलत असतील, तर दोष बॉक्समध्ये किंवा टाय रॉडच्या टोकाला शोधा.

बदलताना चाकं सरळ ठेवा, स्टेअरिंग बांधून टाका, खाचांवर रंगाची खूण करा. एअरबॅगच्या गाडीत स्टेअरिंग मोकळं फिरलं, तर त्यामागची वायरची गुंडाळी तुटू शकते. काटा दांड्यावर आवळणारा पिंच बोल्ट पुष्कळ गाड्यांत दांड्याच्या खाचेतून आडवा जातो. तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. बसवताना नवा बोल्ट घ्या, टॉर्क पान्यानं कसा.

आता माझा खरा आग्रह. ‘जाड सळई वेल्डिंग मारून देतो, आयुष्यभर बघायचं काम नाही,’ असं कुणी म्हटलं तर गाडी घेऊन निघून या. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं पोलाद ठिसूळ होऊन तडकू शकतं आणि ती भेग बाहेरून दिसत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, समोरून धडक बसली की या दांड्यानं स्वतःत मिटायचं असतं. अमेरिकेत १९६८ पासून कारसाठी नियम आहे: ताशी ४८ किलोमीटरनं भिंतीवर आदळल्यावर स्टेअरिंगचा दांडा १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येऊ नये. अखंड सळई मिटत नाही, ती चालकाच्या छातीत येते. तिला मी मजबूत म्हणणार नाही.

सुधारणा करायचीच, तर एकात एक सरकणारा दांडा आणि गाडीत रबरी जोड असेल तर त्याच्या जागी सीलबंद पोलादी क्रॉस घ्या. नाल्यातल्या पाण्या-चिखलात तो टिकतो. मात्र रबर जे हादरे गिळायचं, ते आता थेट हातात येतील. हे चालकाला आधी सांगा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल चालत नाही, तेव्हा आरटीओत विचारून घ्या. कंपनीचाच नवा भाग मिळत असेल, तर माझं मत त्याच्याच बाजूनं पडेल.

पावसाळ्यात जंगल बंद असतं, गाड्या उभ्या असतात. रंगरंगोटी तेव्हाच होते. गेट उघडण्यापूर्वी प्रत्येक जिप्सीचा क्रॉस दोन माणसांनी असा बोट ठेवून तपासावा आणि मगच तिला रांगेत उभं करावं, एवढी मागणी मी इथल्या गाडीमालकांकडे करतो.