गाडीचं वय नको, धूर तपासा



आज बोलायचंय जुन्या गाड्यांबद्दल. हा पुरुषांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. टेम्पोच्या कर्जाला जामीन म्हणून सही पुष्कळदा आपली असते. हप्ता चुकला की बचतगटाच्या बैठकीत मान खाली जाते तीही आपलीच.

आपली भिवंडी जुन्यावरच उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथे आले आणि त्यांच्यावर घरं चालली. आज काल्हेर, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांतून माल नेणारे छोटे टेम्पोही कितीतरी वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचे असतात. परदेशातली स्वस्त जुनी गाडी आपल्यापर्यंत येत नाही, कारण 3 वर्षांहून जुनी गाडी आयात करायला आपल्याकडे परवानगी नाही. केनियात 8 वर्षांपर्यंतची चालते. म्हणजे आपल्याला परवडणारी गाडी देशातल्या जुन्या बाजारातच मिळणार. आता तोच बाजार आवळला जातोय.

1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढली. मोटारीची नोंदणी पुन्हा करायला 600 रुपये लागायचे, ते 5000 झाले. स्कूटरचे 300 चे 1000 झाले. मोठ्या ट्रकचं फिटनेस 1500 वरून 12,500 वर गेलं. गाडी मोडीत काढली तर करात सवलत आहे, पण ती नवी गाडी घेताना. जुनी विकून त्यातल्या त्यात बरी जुनी घेणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

पुढचं ऐका. मुंबईच्या हवेचं प्रकरण उच्च न्यायालयात आहे. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने एक समिती नेमली. महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हटवून फक्त सीएनजी आणि विजेच्या ठेवता येतील का, हे तिने पाहायचं होतं. भिवंडी याच प्रदेशात येते. दिल्लीत 1 जुलै 2025 पासून 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं होतं. लोक इतके चिडले की काही दिवसांतच ते थांबवावं लागलं.

कुणी म्हणेल, ताई, तुम्हाला पोरांच्या खोकल्याची काळजी नाही का? आहे ना. अंजूरफाट्याला उभं राहिलं की पदर नाकाला लावावा लागतो. काळा धूर सोडणारी गाडी रस्त्यावर नकोच, मग ती 5 वर्षांची का असेना. पण वेळेवर तेल बदललेली, ब्रेक नीट असलेली 16 वर्षांची गाडी केवळ जन्मतारखेवरून भंगारात का जावी? व्यावसायिक गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावंच लागतं. ती तपासणी खरी करा, पैसे घेऊन कागद देणं बंद करा. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आपलं म्हणणं सरळ आहे. निकष वयाचा नको, धुराचा आणि ब्रेकचा हवा. तपासणीची फी छोट्या टेम्पोवाल्याला झेपेल अशी हवी. गाडी काढायचीच असेल, तर आधीचं कर्ज फिटेपर्यंत मुदत द्या आणि दुसऱ्या गाडीसाठी स्वस्त कर्ज द्या. हे अर्जात लिहा, गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे पोचवा.

आणि एक काम आजच करा. घरातल्या गाडीचं आरसी बुक काढून नोंदणीची तारीख बघा. नवऱ्याने, दिराने जुना टेम्पो घ्यायचं काढलं, तर सही करण्याआधी विचारा : 15 वर्षं व्हायला किती राहिली, आणि कर्ज किती वर्षांचं? कर्जाची वर्षं जास्त निघाली, तर सही करू नका.