फायरवॉलमधून आलेलं पाणी

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आज विषय बाबांची पिकअप. १४ वर्षं जुनी, आणि पावसाळ्यात केबिनमध्ये पाणी. तुमच्याकडेही अशी एखादी गाडी असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचं गाव देवरुखजवळ. पावसाळा लागला की बाबा नर्सरीतली आंब्याची कलमं कोल्हापूरकडे पोचवतात. जुलैमध्ये एका रात्री रिकामी गाडी घेऊन आंबा घाट उतरत होते. धो धो पाऊस, धुकं, आणि मध्येच हेडलाइट गेले. कसेबसे खाली आले. मला हे कळलं आठ दिवसांनी, तेही आईकडून. फोन केला तर म्हणतात, "गाडी म्हातारी झाली रे. गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

शनिवारी सकाळी गावी पोचलो. दार उघडलं तर कुबट वास. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, त्याखालचा नमदा पिळला तर तांब्याभर पाणी निघालं. फ्यूज बॉक्स तिथेच वर, आतल्या पिनांवर हिरवा गंज. हेडलाइट का गेले ते कळलं. पण पाणी कुठून येतंय?

गॅरेजवाल्याने दोनदा काचेभोवती सिलिकॉन फासलं होतं. बाबांचे पैसे गेले, गळती तशीच. आमच्या ऑफिसात याला म्हणतात, बग रिप्रोड्यूस न करताच फिक्स टाकणं.

मग मी ठरवलं, आधी प्रश्न. हे पाणीच आहे ना? कूलंट चिकट लागतं, क्लचचं ऑइल बुळबुळीत. हे साधं पाणी होतं. गाडी नुसती अंगणात उभी असली तरी येतं का? येतं. म्हणजे चाकाने खालून उडवलेलं नाही, वरूनच येतंय. या दोन प्रश्नांत अर्धं काम झालं, खरंच.

बॅटरीची वायर काढली. मॅट, नमदा सगळं बाहेर. पत्रा फडक्याने कोरडा केला, खाली रद्दी पेपर अंथरले आणि पेडलच्या मागच्या पत्र्यावर चक्क टाल्कम पावडर मारली. पाणी आलं की पावडरीत ओघळ उमटतो, वाट दिसते.

पावसाने उघडीप दिली तेव्हा आईच्या हातात पाइप दिला. नियम एकच: खालून वर जायचं, एका वेळी एकच जागा, पाच-पाच मिनिटं, आणि धार हलकी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. मी आत, सीटवर पाय आणि पेडलजवळ डोकं, तोंडात मोबाइलची टॉर्च. आई हसून हसून बेजार.

आधी दार. कोरडं. काच, जिच्यावर सगळ्यांचा संशय, ती जाळीच्या वर, म्हणून ती शेवटी. मग काचेच्या खाली, वायपरजवळची काळी जाळी असते ना, तिथे. दोन मिनिटांनी पावडरीत एक रेघ उतरली.

जाळी काढली. गाडी फणसाखाली उभी असते, त्यामुळे आत पानं कुजून माती झालेली, वर एक रोपही उगवलेलं. पाणी जायच्या वाटा बंद, म्हणून तिथे डबकं साचायचं. सगळं साफ केलं, वाटा तारेने मोकळ्या केल्या. परत पाणी मारलं. कमी झालं, पण थेंब थेंब चालूच.

तो थेंब एका वायरवरून चालत येत होता. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला फायरवॉल म्हणतात. हो, गाडीतसुद्धा! त्या फायरवॉलला कुणीतरी ड्रिलने होल पाडलेलं, रबरी बूच नाही, आणि वायर वरून तिरकी सरळ आत. पाण्याला घसरगुंडीच.

कुणी पाडलं असेल? मीच. ५ वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून बाबांना पिवळे फॉग लाइट घेतले होते. शेजारून ड्रिल आणून मीच बसवले, वर फोटो टाकून लाइक्सही घेतले.

दुरुस्ती अगदी साधी. होलच्या कडेचा गंज पॉलिश पेपरने घासला, प्रायमर लावला, रबरी ग्रॉमेट बसवलं. किंमत चहापेक्षा फार जास्त नाही. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडतो. वरून पीयू सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर लावू नका, त्यातल्या ॲसिडने उलट गंज धरतो. फ्यूजच्या पिना घासून घेतल्या. नमदा मात्र चुलीवरच्या माळ्यावर तीन दिवस वाळत होता. कोकणातला जुलै, दुसरं काय करणार.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, "बाबा, ते होल माझंच होतं." घाटातला तो अंधार माझ्यामुळे झाला, हे बोलताना माझा आवाज जरा बसलाच.

ते चहा पीत होते. म्हणाले, "तुझ्या दिव्यांची वायर बॅटरीवरून वेगळी आहे ना? मोठे दिवे गेले तेव्हा तेच चालू होते. त्यांच्यावरच साखरप्यापर्यंत आलो."

मग उठले आणि गिऱ्हाइकाला फोन लावायला बाहेर गेले. रेंज फक्त अंगणातच येते.